उंबराला बांधलेली तार

शालनकाकू शाळेतून निवृत्त झाल्या, त्या वर्षी शिवाजी पेठेतल्या त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर स्वप्नाली नवऱ्याबरोबर भाड्यानं राहायला आली. गच्चीच्या भिंतीतून उगवलेलं उंबराचं रोप काकू उपटून टाकणार होत्या, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा की काकू. ह्याचं बोन्साय करू."

तिलाही फारसं येत नव्हतं. मोबाईलवर बघून दोघी शिकल्या. मुळं छाटली, उथळ कुंडीत मातीबरोबर विटांचा चुरा घातला. संध्याकाळी चहा घेऊन त्या एवढ्याशा झाडापुढं बसायच्या. चौथ्या उन्हाळ्यात खोड अंगठ्याएवढं झालं, तेव्हा स्वप्नालीनं एका फांदीला ॲल्युमिनियमची तार गुंडाळली आणि ती हळूहळू खाली वाकवली.

"चार महिन्यांनी काढायची. विसरू नका."

त्याच महिन्यात नवऱ्याच्या नोकरीपायी ती कागलला गेली. तिथल्या फ्लॅटला ऊन नव्हतं, म्हणून झाड काकूंकडंच राहिलं. सुरुवातीला रोज फोन यायचा, मग आठवड्यानं. पुढं काकूच करायला लागल्या.

पावसाळा संपला तरी तार तशीच होती. काकू पक्कड हातात घ्यायच्या आणि परत ठेवून द्यायच्या. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"काकू, तार सालीत रुतलीय. का न्हाय काढली?"

"जमलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्या कुंडी मांडीवर घेऊन कागलच्या एसटीत बसल्या.

स्वप्नालीनं वेढे उलगडले नाहीत, तारेचे बारीक तुकडे करत ती सोडवत गेली. तरी साल दोन ठिकाणी सोलली.

"विसरला होतात काय?"

"न्हाय. तू बांधलीस म्हणून राहू दिली."

स्वप्नाली बराच वेळ सालीवरच्या वळावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "वरची फांदीबी खाली घ्यायला पाहिजे. बांधू?"

"मी बांधते. चुकलं तर सांग."

काकूंचे वेढे कुठं दाट, कुठं विरळ पडले. स्वप्नालीनं हात लावला नाही. "फेब्रुवारीत मी येते काढायला," ती म्हणाली.

फेब्रुवारीत तिला सुट्टी मिळाली नाही. काकूंनी आणखी आठवडाभर वाट बघितली. मग पक्कड घेऊन गच्चीत बसल्या आणि तार तुकड्यातुकड्यानं कापून काढली. साल कुठंच सोलली नाही. त्यांनी फोटो काढून पाठवला आणि दुपारभर फोन जवळ ठेवून बसल्या.