आमच्या घरचा पीलिया

आमच्या घरात कॅन्सर कुणाला होत नाही. अल्सर होतो, गाठ होते, ‘जरा अशक्तपणा’ होतो. माझ्या नवऱ्याला, सुधाकरला, रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा नानांनी एका बैठकीत त्याचा पीलिया, म्हणजे साधी कावीळ, करून टाकला.

नाना म्हणजे माझे चुलतसासरे. सासरे गेल्यापासून घरात शेवटचा शब्द त्यांचा. “आर्याचं पुण्याला जमतंय,” ते म्हणाले. “साखरपुडा होईपर्यंत कुणी तोंडातून ब्र काढायचा नाही. बापाला कॅन्सर म्हटलं की लोक पोरीच्या रक्ताची चौकशी करतात. झाकली मूठ सव्वा लाखाची.” मी सुधाकरकडे बघितलं. तो म्हणाला, “देखते हैं ना, थोडे दिवस.” संपलं. या घरात ‘देखते हैं’ म्हटलं की ठरलंच समजायचं.

आता पीलिया म्हटल्यावर इंदूरमध्ये आमचे जितके नातेवाईक, तितके वैद्य. कुणी मंत्र घालून पीलिया झाडणाऱ्याचा पत्ता दिला. कुणी गळ्यात घालायची माळ पाठवली, ती म्हणे रोज थोडी थोडी लांब होते. हळद बंद करा, मुळा खाऊ घाला. केमोनं केस गळाले तर एक आत्याबाई म्हणाल्या, चांगलं आहे, उष्णता बाहेर पडतेय. मी आपली हो हो करत होते. आतून जीव नुसता कातावला होता.

पैशाचं तर विचारूच नका. सुधाकर पीथमपूरच्या एका फॅक्टरीत. रजा संपली तसा पगार थांबला. आमच्या इथल्या मराठी मंडळाचा आजारपणासाठी मदतनिधी आहे, आणि मजा बघा, त्याच्या कमिटीवर स्वतः नाना आहेत. पण अर्ज केला की मीटिंगमध्ये आजाराचं नाव वाचतात, म्हणून अर्ज नाही. पाटल्या मोडायच्या तर सराफ्यातला आमचा नेहमीचा सोनार नको, तो चार घरी सांगेल. म्हणून मी अनोळखी दुकानात गेले. त्या माणसानं मला चोरटी असल्यासारखं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि वाट्टेल तो भाव दिला. लाज आमची, फायदा त्याचा. आणि त्याच आठवड्यात साखरपुड्याच्या हॉलचा ॲडव्हान्स भरला, तोही मोठ्या हॉलचा. लहान घेतला तर लोक विचारतील ना, काय झालं म्हणून!

आज सकाळी डॉक्टरांनी मला बोलावलं. सुधाकरला कालपासून ताप होता, हिरड्यांतून रक्त येत होतं, म्हणून रात्रीच ॲडमिट केलं होतं. “प्लेटलेट्स फार खाली गेल्यात,” डॉक्टर म्हणाले. “आजच्या आज द्यायला लागतील. एकाच डोनरच्या, मशीनवर काढलेल्या. बी पॉझिटिव्ह, धडधाकट माणूस घेऊन या. उद्यावर गेलं तर मी काही सांगू शकत नाही.” मग त्यांनी विचारलं, “बाहेरचं कच्चं काही दिलं होतं का?”

“उसाचा रस,” मी म्हटलं. “बर्फ घातलेला.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “मी मना केलं होतं. केमोवर असताना इन्फेक्शन लगेच होतं.”

केलं होतं. पण पीलियाच्या पेशंटनं उसाचा रस नको कसा म्हणायचा? परवा मी औषधं आणायला गेले होते, तेवढ्यात सुधाकरचा धाकट्या काकांकडचा चुलतभाऊ अश्विन घरी आला, राजवाडा चौकातून थर्मास भरून रस घेऊन. पीलियावर रामबाण म्हणे. समोर बसून त्यानं दोन ग्लास पाजले. सुधाकर निमूटपणे प्याला. घरचं गुपित फुटण्यापेक्षा रस बरा, असं वाटलं असेल त्याला.

माझा ग्रुप वेगळा, आर्याचा वेगळा, नानांचं वय झालेलं. फॅक्टरीतले दोघं या ग्रुपचे, पण ते सुधाकरनंच तोडून टाकलेले, भेटायला येतो म्हटलं की हा फोनच उचलायचा नाही. मी नानांना हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये बसवून सगळं सांगितलं. ते हळूच म्हणाले, “पैसे देऊन कुणी मिळतो का बघ.”

“नाना, ते चालत नाही. आणि पैसे कुठं आहेत?”

आणि तेवढ्यात, काय सांगू, अश्विनच समोरून आला. हातात नारळ. “वहिनी, दादाचा पीलिया उतरत का नाही आहे? झाडणाऱ्याला इथंच घेऊन येऊ क्या?”

हा माणूस बी पॉझिटिव्ह. मला पाठ आहे, कारण त्याच्या कापडाच्या दुकानात रक्तदानाची सर्टिफिकेटं फ्रेम करून लावली आहेत आणि गिऱ्हाइकाला साडीच्या आधी तो ती दाखवतो. औषध समोर उभं होतं आणि मी त्याला मागू शकत नव्हते. माझी चुळबुळ नानांना कळली. ते एवढंच म्हणाले, “शोभना, रविवार आलाय.”

रविवारी साखरपुडा. आणि रविवारपर्यंत नवरा?

“भावजी,” मी म्हटलं, “पीलिया नाहीये. कॅन्सर आहे, रक्ताचा. चार महिने झाले. आज त्यांना प्लेटलेट्स पाहिजेत, तुमच्या.”

अश्विन खुर्चीत बसला. नारळ टेबलावर ठेवला. मग म्हणाला, “नाना, तुम्हाला मालूम होतं?” नाना कॅन्टीनचा रेटबोर्ड वाचत राहिले. अश्विन उठला, बाही वर केली. “कुठं जायचं आहे, दाखवा.”

तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं, त्याला मशीनवर घेतलं. मी शेजारी उभी राहिले. नाना मागे स्टुलावर, तोंड पाडून. मला किती मोकळं वाटत होतं! आता मंडळात अर्ज देईन, पुण्याला मीच फोन करीन, जे व्हायचं ते होऊ दे, असं मी मनाशी पक्कं करत होते. अश्विनही तेच म्हणाला. “पुण्याचे नाही म्हणाले तर गेले उडत. आर्याला काय कमी आहे?”

मग तो मशीनकडे बघत म्हणाला, “वहिनी, दादाला खायला-प्यायला काही बंद केलं होतं का?”

“थोडंफार.”

“उसाचा रस?”

त्याचा चेहरा मी आजवर असा बघितला नव्हता. सुधाकरला लहानपणी यानंच सायकल शिकवली, की सुधाकरनं याला, यावरून दोघं अजून भांडतात. मी तोंड उघडलं. आत्ताच खरं बोलण्याची शपथ घेतलेली बाई मी.

“नाही हो भावजी,” मी म्हटलं. “रसानं काय होतंय? ताप आधीपासूनच होता.”

त्यानं डोळे मिटून श्वास सोडला. मागे नानांनी मान डोलावली, सून अखेर आपल्या वळणावर आली अशी. चार महिन्यांत मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता.