झाकण उघडण्याआधी

मित्रांनो, मी एक जुने स्टॅम्पपॅड आहे आणि गेली सहा वर्षे मला एकही अंगठा लागलेला नाही. पत्र्याची डबी, आत कापडाची जांभळी गादी, एवढाच माझा संसार. शहाद्याच्या वकील रोहिणीताईंच्या टेबलावर मी असते.

माझा जन्म सुरतेचा. नवापूरमार्गे एसटीने इकडे आले. रोहिणीताईंचे वडील रतिलालभाई तेव्हा नवे वकील होते. त्यांनी मला विकत घेतले आणि मग मला उसंत म्हणून मिळाली नाही. कापूस वेचून खरखरीत झालेले, उसाच्या पात्याने चिरलेले कितीतरी अंगठे माझ्यावर टेकले. बाया अंगठा दिला की शाई केसांना पुसत. मला मोठी गंमत वाटे.

भाईंची एक शिस्त होती. माझे झाकण ते बंदच ठेवत. आधी सगळा कागद अहिराणीत वाचून दाखवत आणि विचारत, "समजनं ना? तुम्हनी मर्जी शे ना?" समोरच्याने तोंडाने 'हा' म्हटल्याशिवाय झाकण उघडत नसे. एसटी चुकेल म्हणून लोक कुरकुरत, पण भाई ढिम्म. मलाही वाटे, किती हा घोळ!

पुढे भाई थकले. रोहिणीताईंनी ऑफिसातून कागदच हद्दपार केला. आता कागद मोबाईलवर जातो, ओटीपीचे आकडे टाकले की सही होते. धडगावच्या माणसाला घाट उतरून यावे लागत नाही, त्याची रोजी बुडत नाही. हे चांगलेच झाले, खोटे कशाला बोलू? पण माझी शाई वाळली आणि मन खट्टू झाले. ताई मोबाईल उभा ठेवायला मला टेकू म्हणून वापरू लागल्या. ज्याने माझे काम नेले, त्यालाच मी पाठ देत होते.

गेल्या हिवाळ्यात कळसाडीच्या हेमकांतचे काम आले. आजोबांच्या वावरात त्याच्या आत्याचा, कौसाबाईंचा हिस्सा होता. तो भावाला सोडायला त्या तयार आहेत, असे संमतीपत्र हवे होते. कौसाबाई विधवा, भावाकडेच राहणाऱ्या. ताईंनी कागद त्यांच्या आधार कार्डाला जोडलेल्या नंबरवर पाठवला. दहा मिनिटांत मोबाईल किणकिणला. सही झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसाबाई स्वतःच ऑफिसात आल्या, मागोमाग हेमकांत. त्याच्या बायकोने बोलता बोलता त्यांना सहीचे सांगितले होते. हेमकांत काही चोर नव्हता. घरात साऱ्यांच्या आधारला त्याचाच नंबर जोडलेला. रेशन असो की पीकविमा, सगळ्यांचे आकडे तोच टाकी.

"फुई, समदासना ओटीपी मीच टाकस ना," तो आत्याला गोंधळून म्हणाला.

कौसाबाई शांतपणे बोलल्या, "अंगठा मन्हा, अन् माले कोणी इचारं बी नही."

ताईंचा चेहरा उतरला. त्यांनीही विचारले नव्हते. त्यांनी ती सही रद्द केली, मोबाईल बाजूला ठेवला आणि मला पुढे ओढले. कपाटातली शाईची बाटली शोधून आणली. मग माझ्या झाकणावर हात ठेवून त्यांनी सगळा कागद अहिराणीत वाचला आणि अगदी भाईंसारखे विचारले, "तुम्हनी मर्जी शे ना?"

सहा वर्षांनी अंगठा मिळणार होता!

कौसाबाई बराच वेळ बोटाने अंगठा चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "नही, माय. बापनं वावर शे. मन्हा नावेच ऱ्हाऊ दे."

झाकण उघडलेच नाही. हेमकांतने मान खाली घातली आणि आत्याला मोटरसायकलवर बसवून घरी नेले.

आधी मला वाईट वाटले. मग भाईंचा तो घोळ कशासाठी होता, ते इतक्या वर्षांनी कळले. हजारो अंगठे मी उमटवले, पण न उमटलेल्या या एका अंगठ्याचाच मला जास्त अभिमान आहे. आता ताई सही घेण्याआधी व्हिडिओ कॉल लावून त्या माणसालाच विचारतात. तेव्हाही मोबाईल माझ्याच पाठीला टेकलेला असतो, आणि मला त्याचा राग येत नाही.

मित्रांनो, घरी आजीच्या मोबाईलवरचे आकडे तुम्हीच टाकत असाल. जरूर टाका. फक्त आधी तिच्याजवळ बसा, काय आहे ते तिच्या बोलीत सांगा आणि तिचा 'हा' ऐकू येईपर्यंत थांबा. 'नही' म्हणाली तर मोबाईल खाली ठेवा.

माझी शाई वाळली तर वाळू द्या.