बोटाखालची तार

उधन्याच्या खाडीपलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी दुपारी देवी पावत असे. सोमवार ते शनिवार ती पावत नसे, कारण तेव्हा यंत्रमागाची खाती, म्हणजे कारखाने, चालू असतात आणि खात्यातल्या माणसाला चमत्कार बघायला सवड नसते. योगराज भगतांच्या अंगात येणाऱ्या मायला कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी बरोबर पाठ होती.

त्या रविवारी शेडमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. बहुतेक सगळी खानदेशातून पोटामागे सुरतेला आलेली माणसं. मधोमध दोन लोखंडी खांब आणि त्यांच्यात कमरेच्या उंचीवर ताणून बांधलेली एकच पांढरी तार. तार म्हणजे साडीच्या ताण्यातला, उभ्या विणीतला धागा. तिच्यात किती जीव असतो हे या गर्दीला कुणी सांगायची गरज नव्हती. अर्ध्या लोकांचं आयुष्य तुटलेल्या तारा सांधण्यात गेलं होतं.

भगतांनी निंबा या यंत्रमाग कामगाराला पुढे बोलावलं. मागे उभ्या असलेल्या त्याच्या बायकोनं, धुरपदाबाईनं, पदराचं टोक घट्ट धरलं. भगतांनी निंबाच्या डोळ्यांवर लाल फडकं बांधलं आणि पाय जुळवून उभं राहायला सांगितलं. तीन-चार श्वासांतच तो डावीकडे कलला, सावरायला गेला आणि उजवीकडे कोसळला. दोन चेल्यांनी त्याला वरच्यावर झेललं.

"बघा, धरतीनं याला सोडलंय," भगत म्हणाले. "आता माय धरेल."

त्यांनी निंबाचं एक बोट अलगद तारेवर टेकवलं. निंबा उभा राहिला. डोळे बांधलेले, पाय जुळवलेले, आणि तरी हलला नाही. चेल्यांनी मोठ्यानं शंभरपर्यंत आकडे म्हटले. ज्या तारेला पाव किलोचं वजन बांधलं तर ती तुटेल, त्या तारेनं सत्तर किलोचा माणूस तोलून धरला होता. निंबा आणि धुरपदाबाईला इथं घेऊन आलेल्या शेजारच्या भटूनं हात जोडले. धुरपदाबाईला रडू फुटलं. गेल्या सहा महिन्यांत नवरा असा उभा राहिलेला तिनं पाहिला नव्हता.

सहा महिन्यांपूर्वी, पौषाच्या थंडीत, बारा तासांची पाळी करून आलेल्या निंबानं थकलेले पाय गरम पाण्याच्या टबात सोडले होते. मधुमेह बारा वर्षांचा. पाणी उकळतं होतं हे पायांना कळलंच नाही. टबातून वाफ का येतेय, असं धुरपदाबाईनं विचारलं तेव्हा त्यानं पाय वर काढले आणि कातडी टबातच राहिली. मग दवाखाना, मांडीची कातडी काढून तळव्याला लावणं, दीड महिना खाट. जखमा भरल्या, पण तोल गेला तो गेलाच. मोरीत पडला, जिन्यात पडला, एकदा तर नुसता मागे वळताना पडला. दवाखान्यातल्या सुषमाबेन त्याच्याकडून व्यायाम करून घेत. वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं, टाचेला चवडा लावून चालायचं, ओट्याला बोट टेकवून उभं राहायचं. वर जाड तळाच्या बंद चपला. फरक पडत होता, पण गोगलगायीच्या चालीनं. आणि इथं एका मिनिटात चमत्कार. माणसाचं मन कुठं जाणार?

भगत मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांच्या एकेका वाक्यात नाडी, ब्रह्मांड, चुंबक आणि नासा असं सगळं सुखानं नांदत असे. बोलता बोलता त्यांनी पेटती अगरबत्ती निंबाच्या तळव्याला टेकवली.

"चटका बसला?"

"माले काहीच कळनं नही," निंबा म्हणाला.

भगतांचा चेहरा उजळला. हा पाय मायनं आपल्या ताब्यात घेतलाय, त्यांनी जाहीर केलं. पुढच्या रविवारी निंबा निखाऱ्यांवरून चालेल, मधोमध थांबेल, मायची पाच नावं घेईल आणि मगच पलीकडे जाईल. त्यानंतर तो कधी पडणार नाही. तोवर गोळ्या बंद, इंजेक्शन बंद. चपलाही बंद, कारण रबरामुळे धरतीचा संबंध तुटतो.

सोमवारपासून इंजेक्शन थांबलं. बुधवारी निंबा लघवीला जाई त्या मोरीत मुंग्यांची रांग लागली. धुरपदाबाईनं ती पाण्यानं धुतली. तासाभरात रांग परत आली. निंबा सारखं पाणी पीत होता आणि बसल्या जागी डुलक्या घेत होता. तिनं इंजेक्शनाचं नाव काढलं की तो तिला गप्प करी. माय रागावेल, म्हणे.

गुरुवारी तिनं त्याला जबरदस्तीनं ओट्यापाशी उभं केलं. निदान व्यायाम तरी सुटू नये, एवढाच तिचा हेतू. बोट ओट्याला टेकवून त्यानं डोळे मिटले. स्थिर. बोट उचललं, झोकांडी. धुरपदाबाई बघत राहिली. घरी बसून साड्यांवर टिकल्या शिवायचं काम ती करत असे, त्यामुळे धाग्याची रिळं हाताशीच होती. तिनं खिडकीच्या गजाला धागा बांधला, दुसरं टोक फळीच्या खिळ्याला ताणून बांधलं आणि नवऱ्याचं बोट त्यावर ठेवलं. निंबा खांबासारखा उभा राहिला.

पहिल्यांदा काय वाटलं असेल तिला? देवी घरी आली असं वाटलं. खोटं कशाला सांगा, तिनं धाग्याला हळदकुंकू लावलं आणि नमस्कारसुद्धा केला. मग तिला विचार पडला, की मंत्र तर कुणी म्हटलाच नव्हता. आणि हा धागा परवा बाजारातून आणलेला.

शुक्रवारी ती एकटीच दवाखान्यात गेली. सुषमाबेन हसतील अशी तिला भीती होती. त्या हसल्या नाहीत.

"मावशी, माणूस उभा राहतो तो तिघांच्या साक्षीवर," त्या म्हणाल्या. "डोळे, कानाच्या आत असलेलं तोलाचं इंद्रिय आणि तळपाय. निंबानानांचे तळपाय साखरेनं आधीच मुके केले होते. बसवलेली नवी कातडीही मुकी. डोळे बांधले की आणखी एक साक्षीदार गेला, मग पडणारच. बोटाची कातडी मात्र अजून जागी आहे. अंग जरा कललं की तार बोटावर जरा दाबते, आणि कुठं कलतोय ते शरीराला कळतं. तार धरत नाही. ती नुसती खबर देते."

"म्हणून तुम्ही ओट्याला बोट लावायला सांगता?"

"म्हणूनच. फरक एवढाच, की मी ते बोट हळूहळू काढून घेणार आहे. तो माणूस काढू देणार नाही."

मग धुरपदाबाईनं निखाऱ्यांचं सांगितलं. सुषमाबेननी हातातलं काम बाजूला ठेवलं. भरभर चालत गेलेला माणूस निखाऱ्यांवरून बहुधा वाचतो, त्या म्हणाल्या, कारण राखेतली आच पायात उतरायला वेळ लागतो. ज्याला चटका कळतो तो थांबत नाही. भगताला मधोमध थांबणारा माणूस हवा आहे, म्हणून तो अगरबत्ती लावून मुके पाय निवडतो. याआधी कोण चाललं होतं, त्याची काय दशा झाली, ते विचारा.

याआधी मगन चालला होता. गावी गेला, असं भगत सांगत. धुरपदाबाई पत्ता काढत त्याच्या खोलीवर पोहोचली तेव्हा दार अर्धंच उघडलं. मगनची बायको रुक्मिणी दारात आडवी उभी राहिली. तिच्या खांद्यावरून आत खाटेवर बसलेला मगन दिसला. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता.

"कोणाला सांगू नका ताई," रुक्मिणी दबक्या आवाजात म्हणाली. "शंका आली म्हणून पाय गेला, असं भगत बोलले. वाच्यता केली तर दुसराही जाईल."

मगननं मान वर केली नाही. कुबट वास येत होता आणि बिछान्यावर ठेवलेल्या दुसऱ्या पायाचा अंगठा काळा पडला होता. घरी परतताना धुरपदाबाई झपझप चालत होती. आपला माणूस याच खाटेवर बसलेला तिला दिसत होता.

निंबाला तिनं सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मगन शंकेखोर होता, तो म्हणाला, आणि रविवारी मी जाणार. पंचवीस वर्षं लूमवर ताठ उभा राहिलेला माणूस मोरीत बायकोचा खांदा धरून धरून विटला होता. त्याला न पडण्याचं वचन हवं होतं, मग ते कुणीही देवो.

रविवारी शेडच्या मागं चर भरून निखारे लाल झाले होते. त्यांची धग आत शेडपर्यंत येत होती. सुषमाबेन गर्दीत येऊन उभ्या होत्या. धुरपदाबाई पुढे झाली, भगतांच्या पाया पडली आणि म्हणाली, मनाच्या समाधानासाठी मालकांना एकदा तारेवर उभं करा. गर्दीला तोच खेळ आवडतो हे भगतांना ठाऊक होतं. त्यांनी खुशीनं फडकं बांधलं.

निंबा उभा राहिला, स्थिर. सुषमाबेन हळूच त्याच्या पाठीमागे येऊन हात पसरून थांबल्या. धुरपदाबाईनं खांबावरची गाठ सैल केली. तार तीच, मंतरलेली, निंबाच्या बोटाखालीच होती. फक्त ढिली पडली होती. निंबा डोलला, पाय उचलला आणि मागे कोसळला. सुषमाबेननी त्याला धरलं.

"बाईचा हात लागून तार विटाळली," भगत ओरडले.

"बरं," धुरपदाबाई म्हणाली. "मग ही बाजारातली. हिला माझाच हात लागलाय."

तिनं पिशवीतून तेच घरचं रीळ काढलं, धागा खांबांना ताणून बांधला आणि नवऱ्याचं बोट उचलून त्यावर ठेवलं. मंत्र नाही, अंगारा नाही. निंबा उभा राहिला. या खेपेला आकडे कुणी म्हटले नाहीत, पण सगळे मनात मोजत असावेत, इतकी शांतता होती. पुढच्या रांगेतून लक्ष्मण नावाचा म्हातारा विणकर उठला. त्यानं दोन्ही धागे चिमटीत घेऊन पाहिले, दोन्ही सारखेच म्हणाला आणि पुन्हा खाली बसला.

निंबानं स्वतःच फडकं सोडलं. बोटाखाली पाहिलं. धाग्यावर हळदीचा डाग होता.

"हाई कोनती तार शे?"

"आपला घरनी."

त्यानं तो डाग अंगठ्यानं चोळून पाहिला. भगतांचा आवाज चढला होता. अविश्वासाची शिक्षा पायाला मिळते, ते सांगत होते, ज्याची श्रद्धा पक्की असेल त्यानं आताच निखाऱ्यांवर यावं. तेवढ्यात मागून, गर्दीच्या कडेला येऊन उभ्या राहिलेल्या रुक्मिणीचा आवाज आला. तो फार मोठा नव्हता.

"मगनची श्रद्धा पक्की होती. पाचही नावं घेतली त्यांनी. त्यांचा पाय मी पोत्यात घालून पुरला."

निंबा बायकोकडे वळला आणि म्हणाला, "माले चपला आन."

निखाऱ्यांवर त्या दिवशी कुणी चाललं नाही. पोलीस पोहोचले तेव्हा भगत पसार झाले होते; शेडमध्ये दोन खांब आणि मागच्या चरात राख एवढंच उरलं होतं. भटू आजही निंबाच्या घरी बोलत नाही. देवाची विटंबना केली म्हणतो. आणि सुरतेबाहेर चलथाणकडे ऊसतोडीच्या वस्तीवर एक भगत आलाय, माणसाला एका तारेवर उभं करतो, असं परवाच कानावर आलं. मगनचा दुसरा पाय वाचेल की नाही, हे डॉक्टरही सांगत नाहीत.

निंबाचं इंजेक्शन पुन्हा सुरू आहे. तो अजून पडतो, महिन्यातून एखादेवेळी. बोट न टेकता बावीसपर्यंत आकडे मोजून होतात, आणि मार्च उजाडेपर्यंत पन्नास व्हायला हवेत असं सुषमाबेन म्हणतात. त्यात चमत्कार काहीच नाही, म्हणून ते बघायला गर्दीही होत नाही.

तुमच्या घरात साखरेचं दुखणं असेल तर एवढं करा. रोज झोपण्यापूर्वी त्या माणसाचे तळपाय उजेडात बघा, आणि पाणी त्याच्या पायानं नाही, तुमच्या कोपरानं तपासा. चटका लागतो म्हणून माणूस पाय मागे घेतो आणि वाचतो. तो लागेनासा झाला आणि कुणी म्हणालं की हा देवाचा कौल, तर असं सांगणाऱ्यापासून पाय आधी दूर न्या आणि डॉक्टरला दाखवा.