हरणाची फुलं चिखलात

परशुरामनं काठी रोवली तरी तिला पालवी फुटेल, असं धामापुरात लोक म्हणायचे. आणि हा बाबा ते खरं मानून बसलेला! तिथंच घात झाला.

शेजारच्या लिलियनबाय म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. सप्टेंबरात सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या सणाला त्या हरण नावाच्या रानरोपाची पिवळी फुलं वाहायच्या. परशुरामच्या घरी गणपतीच्या डोक्यावर रानफुलांची माटवी बांधत, तिलाही तीच लागायची. गावच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट पठारावर, एकाच कोपऱ्यात ती यायची. उन्हात भाजून निघणाऱ्या त्या कातळावर बोटभर माती. पावसात तिथं रोपं उगवायची, फुलायची, बी टाकून मरायची. पुढच्या वर्षाची सगळी भिस्त त्या बियांवर. म्हणून दोघं मिळून जायची आणि निम्मी फुलं झाडावरच ठेवायची.

यंदा उन्हाळ्यात बाईंचा खुबा मोडला.

"सडो चढूक जमाचा नाय रे माका," त्या म्हणाल्या. "फुलां डोळे भरान बघूक गावली असती तर..." आणि रडूच लागल्या.

परशुरामला राहवेना. भातलावणीचे दिवस, डोक्यात दुसरं काय असणार? सड्यावर जाऊन त्यानं हरणाची कोवळी रोपं भाताच्या तरव्यासारखी उपटली, पेंड्या बांधल्या. एक म्हणून मागं ठेवलं नाही. बाईंच्या खिडकीखाली चिखल केला, शेणखत ओतलं आणि रोपं ओळीनं लावली.

"कातळावरचा झाड ता, तेका शेण कित्याक भरवतास?" त्याची बायको यशोदा करवादली.

"तू गप रव गो! माका शिकवू नको."

रोपं तरारली. बाई रोज खिडकीतून बघायच्या, खूश व्हायच्या. पण कळी काही धरेना. गणपतीची माटवी हरणाशिवायच बांधली. सायबिणीचा सण तोंडावर आला, तरी नुसती पानं. तीही बुडातून कुजायला लागलेली. परशुराम धावत सड्यावर गेला. त्या कोपऱ्यात उघडा कातळ तेवढा होता. अरे, काय करून बसलो मी!

सणाच्या सकाळी बाईंनी हाक मारली. "फुलां नाय तर नाय. पानां हाड रे. सायबीण काय रागवाची नाय."

त्यानं ओंजळभर पाला आणून दिला. त्याची मान वर होईना.

"तोंड कित्याक पाडतंस? फुडल्या वर्सा माझो पाय बरो जातलो. मगे सड्यार जावया, थंय तरी फुलतलीच मा?"

खरं सांगायला त्यानं तोंड उघडलं. बाई हसत होत्या.

"व्हय बाय," परशुराम म्हणाला, "फुलतली."