ओलांडलेलं हिरवं घर

या माउल्यांनो, जवळ सरून बसा. आज एका दूरदेशीची कथा सांगतो, चीनदेशीच्या एका नदीकाठची. कान माझ्याकडे द्या आणि मन त्या नदीकडे.

शरदाची सकाळ होती. धुक्यानं धवल, दवानं ओलं, रेशमासारखं मऊ ऊन डोंगरावरून उतरत होतं. नदी अर्धी जागी, अर्धी स्वप्नात. काठावरच्या खिडकीशी सू-यिन बसली होती. रेशमी पडद्यांवर चित्रं रेखणारी, केस पिकलेली, एकुलत्या लेकाची आई.

त्या गावची रीतच अशी, की लग्न ठरवण्याआधी वरमाईनं स्वहस्ते पंचतत्त्वांचं चक्र रेखायचं आणि शाई उगाळायला मुलीनं बसायचं. जन्मवर्षावरून ज्याचं त्याचं तत्त्व ठरलेलं. चक्र जुळलं, तर पडदा मुलीच्या घरी जायचा. न जुळलं, तर चुलीत.

सू-यिनचा लेक येन अग्नीचा. त्याचा जीव जडला नावाड्याच्या चिंगवर, आणि चिंग पाण्याची!

"साऱ्या गावात तुला पाणीच सापडलं?" ती लेकावर कडाडली होती. "माझा एकुलता दिवा, त्यावर मीच घागर ओतू?"

 तेव्हापासून येन भरल्या ताटावरून उठत होता.

रेशमावर रंग उमलले. हिरवं लाकूड, तांबडा अग्नी, पिवळी माती, शुभ्र धातू, काळंभोर पाणी. शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे मायेची रेघ निघाली. लाकूड जळतं, अग्नीला जन्म देतं. अग्नी निवतो, राखेची माती होते. मातीच्या कुशीत धातू वाढतो, थंड धातूवर दव धरतं, दवाचं पाणी मुळांना पाजतं. मायेचं कंकण पुरं झालं.

उरली धाकाची रेघ. ती नेहमी एक घर ओलांडून जाते. मूळ मातीला भेदतं, माती पाण्याला अडवते, आग धातूला वितळवते, धातूची कुऱ्हाड लाकडावर पडते. आणि पाणी? पाणी आगीला विझवतं.

चिंगच्या हातातली शाईची कांडी दगडावर फिरत होती, गोल गोल, मुकी मुकी. सू-यिननं कुंचला काळ्या पाण्यावर टेकवला. तांबड्या अग्नीकडे निघाला.

"मावशी," चिंग हळूच म्हणाली, "कुणाचं घर ओलांडताय?"

"लाकडाचं. रिकामंच तर आहे."

"मग तुम्ही कशाच्या?"

"मी होय? मी लाकडाची. म्हातारं खो..."

शब्द ओठांवरच थबकला. कुंचला थबकला. धुकंही जणू थबकलं.

पाणी लाकडाला पाजतं, लाकूड अग्नीला जगवतं. घर रिकामं नव्हतंच. लेकाच्या काळजीत ती स्वतःलाच जमेस धरायला विसरली होती.

"अगं बाई! एवढी मी मेली मधोमध बसलेय, आणि मलाच दिसले नाही!" सू-यिन हसली, हसता हसता डोळे भरले. "पण पोरी, आधीच सांगते. जुनं खोड फार पाणी पितं."

"पिऊ दे की, आई."

धाकाची रेघ तिनं काढली. धाकाविना का संसार होतो? पण केसासारखी बारीक. हिरव्यातून जाणारी मायेची रेघ मात्र तिनं पुन्हा गिरवली, ठसठशीत, भरघोस.

मग चिंगनं कोमट पाणी आणलं आणि ते रंगमाखले हात आपल्या हातांत घेतले. निबर, सुरकुतली बोटं पाण्यात उतरली, मुळांसारखी, निवांत, निवांत.

माउल्यांनो, तुमच्या घरी कधी पाणी आणि आग समोरासमोर आली, तर मधल्या घरातल्या या सू-यिनला आठवा. एवढंच मागणं, एवढंच.