गाळलेला समुद्र

तारली मासळीचा खवला करंगळीच्या नखाएवढा असतो.

खानदेशातलं पहूर. केळीची तीनशे खोडं, एक विहीर, धुरपदाबाई एकटी.

मलबारच्या समुद्रात बारीक जाळी सोडली. रिकामी वर आली.

वाचणारा कुठे थांबला, हे ऐकणाऱ्याला दिसत नाही.

धुरपदाबाईचा धाकटा भाऊ निंबा मलबारला सरकारी बोटीवर होता. समुद्राचं पाणी तपासणीसाठी बाटल्यांत भरायचं त्याचं काम. त्याची पत्रं रुपचंद वाचून दाखवायचा. रुपचंद निंबाचा बालमित्र, केळीवाल्यांना मलबारच्या वाळल्या तारलीचं खत विकणारा. धुरपदाबाई त्याला राखी बांधायची.

१९४१, श्रावण.

"काय लिखेल शे, भाऊ?"

"खुशाल शे. भात खाई खाई जाडा व्हयना."

"आखो?"

"बस, इतलंच."

भाद्रपदात रुपचंदकडून खताच्या दोन गाड्या आल्या. धुरपदाबाईच्या घरात मासळी कधी शिजली नव्हती. तिने नाकाला पदर लावला, लांबूनच वास घेतला. वास खरा होता. खत खोडांना पडलं.

कार्तिकात पानं कडांनी करपली. त्याच आठवड्यात निंबा रजेवर आला. त्याने बुंध्यातली मूठभर माती तळहातावर पसरली, बोटाने चाळली.

"अक्का, एक खवला नही यात. मासळीचं खारं पाणी मारेल रेती शे ही."

"वास तर व्हता."

"मी लिखेल व्हतं ना तुले!"

तिने डब्यातून श्रावणातलं पत्र काढलं. निंबाने वाचलं. तिने तीनदा वाचायला लावलं. मग ते घेऊन ती रुपचंदच्या ओट्यावर गेली.

"भाऊ, हाई परत वाच."

"जुनं पत्र? भाऊबिगर करमत नही वाटतं!" तो हसला. वाचलं. खुशाली, भात. घडी घातली.

"मधलं?"

"मधलं काय?"

तिने पाठ झालेलं म्हटलं, निंबाच्याच शब्दांत:

"यंदा वारा मंद. वारा वरचं पाणी लोटतो तेव्हा तळाचं थंड पाणी वर येतं. समुद्राचं खत त्या तळाच्या पाण्यात. ते वर आलं नाही, म्हणून तारली जिच्यावर जगते ती डोळ्यांना न दिसणारी हिरवळ उगवली नाही. आमची जाळी रिकामी येते. तारली नाहीच. अक्का, मासळीचं खत म्हणून कुणी काही दिलं तर घेऊ नको. रुपचंदलाही सांग, तो फसायचा."

रुपचंदच्या मनगटावर श्रावणातला धागा अजून होता.

"कोनी वाचं?" त्याने विचारलं.

"ज्यानी लिखं त्यानी."

त्या भाद्रपदात रुपचंदने स्वतःच्या केळीला शेणखत घातलं होतं.