उघड्या डोक्याचा सांगावा

"धारूरकडून कोन आलंय का?"

त्रिंबकनं हे विचारलं तेव्हा चेंडू पलीकडच्या गोलापाशी होता म्हणून बरं. मैदानाच्या कडेला दोरी धरून बसलेला चपराशी वैतागून म्हणाला, "न्हाई बे. सकाळी सांगितलं, मघाशी सांगितलं. आलं तर मी काय लपवून ठेवतो का? तू पुढं बघ."

त्रिंबकनं पुढं पाहिलं. सोलापूरच्या गिरणीवाल्यांचा एक उंच गडी चेंडू घेऊन सुटला होता. त्यानं सणसणीत लाथ मारली आणि त्रिंबकनं चेंडू पोटाशी धरला. तो पुन्हा लांब भिरकावून देताना त्याची मान परत सडकेकडे वळली. बीडच्या पोलिसांनी तो सामना जिंकला, पण आनंद करायला जमलेल्या गड्यांत त्यांचा गोलवरचा माणूस नव्हता. तो सडकेवर जाऊन उभा राहिला होता.

ही निजामी अमलातली गोष्ट. मोमिनाबादच्या छावणीतला घोडदळाचा रिसाला उठून गेला होता, पण कवायतीचं मैदान तसंच पडून होतं. आमच्या अव्वल तालुकदार साहेबांना, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांना, फुटबॉलचं वेड. साहेबाला वेड लागलं की जिल्ह्याला लागतं, तशी त्यांनी दोन्ही मुलुखांची स्पर्धा भरवली. इंग्रजी मुलुखातून नगरची गोरी पलटण आणि सोलापूरचे गिरणीवाले, निजामी मुलुखातून हैद्राबादची पलटण आणि आमच्या बीडचे पोलिस, असा एक गट केला. दुसऱ्या गटातही असेच चार. गटातल्या प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं, जिंकला तर दोन गुण, बरोबरीला एक, आणि पहिले दोन संघ पुढं जाणार. हे गणित समजावून घेण्यात आमच्या लोकांचे पहिले चार दिवस गेले. कुस्ती बघणाऱ्या माणसाला हरलेला गडी दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात दिसला की फसवल्यासारखं वाटतं.

त्रिंबक हा पोलिसातला साधा जवान. खजिन्याच्या दारावर पहारा देणं ही त्याची नोकरी. दारातून साहेब जायचे, कारकून जायचे, कुणी त्याच्या तोंडाकडे पाहत नसे. 'ए पहारेवाले' एवढंच त्याचं नाव. फुटबॉल सुरू झाला तेव्हा हैदरखान जमादारानं लांब हातांचा म्हणून त्याला गोलवर उभा केला आणि तो चेंडू झेलतच सुटला. हे कुठं शिकलास, असं जमादारानं विचारल्यावर तो लाजून म्हणाला, "कडब्याची गंज लावताना मी वर ऱ्हायाचो. आई खालून पेंढ्या फेकायची. चुकली की शिव्या द्यायची."

गोलवर तो डोक्याला सरकारी लाल पटका बांधून उभा राही. गोरे हसत. पण दोन सामन्यांत मोमिनाबादच्या पोरासोरांना त्याचं नाव पाठ झालं. गर्दीतून 'तिंबक, तिंबक' असा ओरडा झाला की त्याचा जीव सुपाएवढा व्हायचा. खोटं कशाला बोला, त्याला ते फार आवडायचं.

आणि तिकडं धारूरला, किल्ल्याच्या पायथ्याच्या घरात, आई अंथरुणाला खिळली होती. स्पर्धेला येण्याआधी तो तिला भेटून आला होता. तिनं त्याचे लांब हात आपल्या हातांत घेऊन दाबले होते आणि म्हणाली होती, "जा तू. तुझं काम करून ये. मी काय कुटं जायले न्हाई." थोरला भाऊ गहिनीनाथ वेशीपर्यंत पोचवायला आला होता. "जास्त झालं तर मी सवता येतो," तो म्हणाला होता. "आईला आग धाकट्यानं द्यायची असती. तुझ्याबगर काय व्हायचं न्हाई."

दुसऱ्या सामन्यानंतर हैदरखान जमादारानं त्याला सडकेवरून ओढून आणला.

"मियाँ, तेरा दिल उधर है, आँखें उधर हैं. गोलवर नुसता पटका उभा करू का मी?" जमादार म्हणाला. मग आवाज उतरवून बोलला, "जायचं तर जा. रुखसत देतो. पन परवा गोऱ्यांसंगं खेळ हाय, तेवढ्यात तू परतत न्हाईस."

"दुसरा कोन उभा ऱ्हाईल गोलवर?"

"कोन ऱ्हानार? मी ऱ्हाईन."

जमादाराचं पोट पाहून त्रिंबकला अशाही वेळी हसू आलं. हैद्राबादवाल्यांनी आमच्यावर मात केली होती, सोलापूरवर आम्ही. गोरे हैद्राबादशी हरलेले आणि सोलापूरशी बरोबरीत सुटलेले, सोलापूर तर हैद्राबादशीही हरून बाहेर पडलेलं. म्हणजे गोऱ्यांशी बरोबरी झाली तरी बीड पुढं, हरलं की घरी. चावडीवरची म्हातारी माणसंसुद्धा आता एवढं गणित करत होती.

त्रिंबक गेला नाही. त्याला कुणी अडवलं नव्हतं, हे ध्यानात ठेवायला हवं. गहिनीनाथ आला नाही म्हणजे आई बरी आहे, अशी त्यानं मनाची समजूत घातली. पण समजूत घातलेलं मन कुठं गप्प बसतं? त्या दोन दिवसांत त्यानं धड खाल्लं नाही. जेवताना उठून दारात जाई, अंघोळ करताना ओल्या अंगानं बाहेर येऊन विचारी. सोबतचे जवान चिडवायचे, "धारूरहून बायको येनार हाय का बे?" तोही हसायचा आणि परत विचारायचा.

सामन्याच्या दिवशी मैदानाला जत्रेची कळा आली. घाटनांदूर-परळीकडून गाड्या जुंपून लोक आले होते. शामियान्यात तालुकदार साहेब आणि गोरे अंमलदार बसले. आमची माणसं अनवाणी, गोऱ्यांच्या पायांत बूट, त्यामुळे पहिल्या धडकेतच आमचे दोघे लंगडायला लागले. तरी मधली सुट्टी झाली तेव्हा दोन्हीकडं शून्यच होतं. त्रिंबकनं दोन चेंडू असे काढले होते की गोऱ्यांच्या अंमलदारानंही टाळी वाजवली.

खेळ पुन्हा सुरू झाला. आता त्रिंबकचा गोल सडकेच्या बाजूला होता. त्यानं सवयीनं मान वळवली, आणि त्याला गहिनीनाथ दिसला.

दोरीपाशी बसलेल्या माणसांच्या मागं तो उभा होता. नुसता खांद्यापासून वर दिसत होता, घामानं निथळलेला. आणि त्याच्या डोक्याला काही नव्हतं.

आमच्याकडं बाप्या माणूस उघड्या डोक्यानं दुसऱ्या गावाची वेस ओलांडत नाही. मयताचा सांगावा नेणारा तेवढा तसा जातो. तो रामराम घालत नाही, पाणी घेत नाही, आणि त्याला लांबून पाहिलं की बायका हातातलं काम खाली ठेवतात. न बोलता सगळं कळतं. त्रिंबकलाही कळलं.

गहिनीनाथनं हात वर केला.

त्रिंबकनं तोंड फिरवलं.

सुतक लागतं ते ऐकल्यावर. जोवर कानांवर आलं नाही तोवर माणूस मोकळा असतो. एकदा ऐकलं की कुणाला शिवायचं नाही, चेंडू धरायचा नाही, गोलवर जमादार. आई तर गेली, आता तिला कसली घाई, असं त्याचं मन म्हणालं. धाकट्याशिवाय तिला उचलणार नाहीत. घटकाभरानं ऐकलं तर काय बिघडलं? दारावर कडब्यासारखा वाळत उभा होतो तेव्हा कुणी पाहिलं नाही, आज माझं नाव घेणारे हे लोक तरी काय वाईट आहेत? काय काय त्याच्या मनात येऊन गेलं, त्याचं त्यालाच ठाऊक.

आणि एक नवल झालं. इतके दिवस गवतावरच्या टोळासारखा इकडंतिकडं उड्या मारणारा त्याचा जीव एकदम थांबला. आता कुणाची वाट बघायची नव्हती. सडकेकडं त्याची मान एकदाही वळली नाही. मागून "तिंबका, ए तिंबका" अशी हाक एकदा आली. त्याच वेळी सगळं मैदान तेच नाव ओरडत होतं, त्यामुळं ऐकूच आली नाही असं म्हणायला जागा होती. मग चपराशी गहिनीनाथवर खेकसला, "गप बस की. साहेब लोक बसलेत, दिसत न्हाई का? खेळ झाल्यावर बोल." गहिनीनाथ गप्प बसला. सरकारी माणूस सरकारी कामात आहे, साहेब बघताहेत, तिथं खेडुतानं आणखी काय करावं?

गोरे चवताळून आले. एकामागून एक चेंडू गोलवर येत राहिले आणि त्रिंबक पेंढ्या झेलाव्यात तसे ते झेलत राहिला. शेवटी एका गोऱ्याचा बूट त्याच्या मनगटावर पडला तरी त्यानं पोटाखालचा चेंडू सोडला नाही. तेवढ्यात शिट्टी झाली. बरोबरी. बीड पुढं गेलं होतं.

माणसं दोरी तोडून आत घुसली. हैदरखान जमादार सगळ्यांत पुढं, दोन्ही हात पसरून. त्रिंबक मागं सरकला.

"शिवू नका, जमादारसाब."

"क्या हुआ?"

"माझी आई गेली. त्यो बघा, भाऊ आलाय."

जमादाराचे हात खाली आले. बातमी मागं मागं पसरत गेली तशी आपोआप वाट मोकळी झाली. त्या वाटेनं गहिनीनाथ लंगडत येत होता. त्याच्या उजव्या पायाला घोट्यापासून बोटांपर्यंत त्याचाच पांढरा पटका गुंडाळलेला होता आणि तो रक्तानं माखला होता.

त्रिंबकनं तो पाय पाहिला. मग उघडं डोकं पाहिलं, पुन्हा पाय पाहिला. भाऊ बोलायच्या आधीच त्याला काय ते समजलं.

"वढ्यात दगडावर फाटला पाय," गहिनीनाथ म्हणाला. "रगत थांबंना म्हनून बांधला. तू कावून बघंनास बे माझ्याकडं? किती हात केला तुला. आई वाट बघायलीय. रातीपासनं तुझंच नाव काढायलीय. चल लवकर."

जमादारानं तोंडावरून हात फिरवला आणि तो तसाच पळत सुटला. एवढा जाड माणूस पळताना त्या दिवशी कुणी हसलं नाही. थोड्या वेळात तो छावणीतल्या एका सावकाराची धावत्या बैलांची दमणी घेऊन आला. बैल ताजे होते, गाडीवान माहितगार होता. "दवडाव," जमादार त्याला म्हणाला, "बैल मेले तर मैं देखता."

गाडी निघाली तेव्हा दिवस मावळत होता. मग त्रिंबकनं आपला लाल पटका सोडला आणि गहिनीनाथच्या डोक्याला बांधायला लागला.

"हे सरकारी हाय. मी कसा बांधू?" गहिनीनाथ म्हणाला.

"डोकं झाक आधी," त्रिंबक म्हणाला. "लई वंगाळ दिसतंय." गाठ नीट बसेना. ती त्यानं तीनदा सोडून पुन्हा बांधली. मग विचारलं, "निघालास तवा बोलत होती?"

"बोलत होती. म्हने, तिंबकचा खेळ झाला का? म्या म्हनलं, झाला असंल. म्हने, मग कावून येईना?"

त्यानंतर त्रिंबक गाडीवानाला सारखा 'हाक, हाक' म्हणत राहिला. चढ आला की खाली उतरून चाकाला खांदा लावी, उतार आला की गाडीच्या पुढं पळे. बैलांना वाटेत घटकाभर सोडावंच लागलं, तेव्हा तो रस्त्यावर येरझाऱ्या घालत होता. मधेच गाडीवानाजवळ येऊन त्यानं विचारलं, "आपुन दिवस असताना निघालो असतो तर?" गाडीवानाला मागचं काही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "तर आतापतुर पोचलो असतो की."

धारूरचा किल्ला दिसायला लागला तेव्हा उजाडत होतं. घराच्या अंगणात बायका बसल्या होत्या. त्रिंबक गाडीतून उडी टाकून आत गेला. शेजारच्या भामाबाईनं आईच्या तोंडावरून पदर बाजूला केला.

"आत्ताच, लेकरा," ती म्हणाली. "कोंबडं आरवलं तवर होती."

त्रिंबकनं आईचा हात हातांत घेतला. तो अजून ऊन होता. त्यानं तो दोन्ही हातांत धरून ठेवला आणि बराच वेळ सोडला नाही. शेवटी माणसांना त्याची बोटं सोडवावी लागली.

दुपारच्या आत सगळी तयारी झाली. विस्तवाचं मडकं त्रिंबकच्या हातात दिलं. निघण्यापूर्वी गहिनीनाथ लंगडत त्याच्याजवळ आला, त्यानं डोक्यावरचा लाल पटका उतरवला, नीट घडी घातली आणि ओट्यावर ठेवला.

मग दोघं भाऊ उघड्या डोक्यांनी पुढं झाले.